शिरूरची विहीर, दौंडची तहान

चिलारवाडी
८ नोव्हेंबर १९७२

चि. संपत यास,

जय भीम. तुझं पत्र येऊन महिना झाला. त्यात तू विचारलंस, 'दादा, वाडीचं कसं काय?' शिरूरात खुर्चीवर बसून असं विचारायला बरं वाटत असंल. वाडी हाय तिथंच हाय. तिला पाय न्हाईत, न्हाईतर तीबी तुझ्यासारखी गेली असती.

नांदवळीच्या शिवारात दुष्काळी काम निघालंय. रस्त्याची खडी फोडायची. आपल्या घरापास्नं हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. मी सात बाया आन् चार गडी घिऊन सकाळीच गेलो. मुकादमानं वही उघडली.

"गाव?"

"चिलारवाडी."

"तालुका?"

"शिरूर."

त्यानं वही मिटली. म्हनला, "हे दौंडचं काम हाय. शिरूरवाल्यांनी शिरूरला जाऊन मरायचं."

पंधरा वर्सं मी पलटणीत काढली. सरहद्दीवर उभा राह्यलो. पन दगड फोडायला बी सरहद्द लागती हे मला तिथं कुनी शिकवलं न्हवतं. शिरूरचं काम निघालंय ते नदीपल्याड कानसगावात. आपल्या बाया भीमेचं कोरडं पात्र तुडवून चार मैल जातात आन् चार मैल येतात. भागुबाई बी जाती. तुझी वैनी हाय, म्हनून सांगितलं.

तुला वाडी सोडून आठ वर्सं झाली. इसरला असशील, म्हनून लिहितो. कानसगावच्या पाटलानं आपल्या आज्याला वतनाची जमीन दिली ती नदीच्या ह्या अंगाला, चिलारीच्या काट्यात. कारन ती त्यांच्या गुरांना बी नको व्हती. तवापास्नं कागदावर आपण कानसगावचे, म्हंजी शिरूरचे. आन् घराबाहेर कुठल्या बी दिशेला चार शेतं चाललं की नांदवळी, म्हंजी दौंड. नांदवळी म्हनती, तुम्ही आमचे न्हाई. कानसगाव म्हनतं, नदी उतरून आलात तर बघू. अशी अकरा घरं. ताटात पडलेल्या माशीसारखी. फरक एवढाच की माशीला कुनीतरी उचलून टाकतं.

एक गोष्ट मातूर चांगली झाली. नांदवळीची विहीर आटली, आपली न्हाई. दोन वर्सांमागं आपण अकरा घरांनी विहीर खांदली, तवा त्यांचा सरपंच शंकरराव बांधावर उभा राहून म्हनला व्हता, "ह्या काट्यात पानी लागलं तर मिशा काढीन." सहा पुरुस खोल गेल्यावर झरा लागला. मिशा अजून हायत. पन आता त्या भिजवायला त्याच्या गावात पानी न्हाई.

तुझा दादा,
हौसराव


शिरूर
२१ नोव्हेंबर १९७२

ती. दादा यांस,

सप्रेम जय भीम. पत्र वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. तुम्ही त्या काट्याला चिकटून बसला आहात आणि काटा टोचला की मला पत्र लिहिता.

परवा आमच्या तहसील ऑफिसात तालुक्याचा नकाशा भिंतीवर लावला. साहेबांनी छडीनं दाखवत विचारलं, "हा नदीपलीकडे शाईचा डाग कसला?" मी म्हणालो, "साहेब, ती वाडी आहे." सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. ती माझी वाडी आहे हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. हे तुम्हाला लिहितोय, कारण तुमच्याशी खोटं बोलून काही मिळत नाही.

मुकादमाचं चूक नाही. त्याच्या यादीत दौंडचीच नावं लागतात. चूक नकाशाची आहे. रेशन दुकान कानसगावात, तलाठी कानसगावात. नदीला पूर आला की दोन महिने तुम्हाला साखर नाही, रॉकेल नाही. आणि केडगावचं स्टेशन पायी तासाभरावर असून त्याच्या तालुक्याशी तुमचा संबंध नाही. हे वेड्यांचं राज्य आहे. मी काय करता येतं ते बघतो.

नांदवळीवाल्यांना पाणी देऊ नका. त्यांनी आपल्याला कधी दिलं?

वैनीस जय भीम.

आपला,
संपत


चिलारवाडी
१७ डिसेंबर १९७२

चि. संपत यास,

जय भीम. 'पानी देऊ नका' असं तू लिहिलंस. तुझं पत्र यायच्या आदीच पानी दिऊन झालं व्हतं. आन् मी दिलं न्हाई, तुझ्या वैनीनं दिलं.

गेल्या महिन्यात एका इतवारी सकाळी आपल्या बांधाशी आठ बाया उभ्या. पुढं आक्काबाई. तुला आठवत असंल, नांदवळीची ती फटकळ म्हातारी, नवरा मेल्यावर दिरांना कोर्टात खेचून आपली दहा एकर वेगळी काढली ती. दोन हंडे घिऊन उभी व्हती. आत पाय टाकंना, मागं बी जाईना.

"हौसराव, पानी पायजे."

मी म्हनलो, "कुनाला?"

"मला. डोळं गेलं व्हय तुझं?"

"सरपंचाला सांगा की. टँकर येतो ना गावात."

"टँकर त्याच्या दारात येतो आन् त्याच्याच दारात रिकामा व्हतो."

मी म्हनलो, "आक्काबाई, बारा वर्सांमागं तुमच्या विहिरीवर भागुबाई आली व्हती. तिची कळशी कुनी लाथाडली?"

वाटलं, म्हातारी मान खाली घालंल. तिनं घातली न्हाई. म्हनली, "मी. मीच लाथाडली. आता सांग, पानी देतूस का उनं काढीत बसतूस? ऊन व्हतंय."

संपत, मी तिला हाकलनार व्हतो. तोंडात शब्द तयार व्हता. तेवढ्यात भागुबाईनं पोहरा सोडला. मला म्हनली, "कळशी माझी व्हती. राग माझा हाय. तुम्ही कशाला वापरता?"

मग तिनं पोहरा वर काढला आन् आक्काबाईला एवढंच म्हनली, "हंडा पुढं करा. आमच्या हातचं हाय, बघून घ्या."

आक्काबाईनं हंडा पुढं केला. बाकीच्या सातजणी तिच्याकडं बघत व्हत्या. ती पानी घिऊन वळली, तश्या त्या बी एकेक करून पुढं आल्या. भागुबाईशी कुनी बोललं न्हाई. 'बरं झालं' म्हनलं न्हाई. आता रोज तीसेक बाया येतात. मी नेम घालून दिलाय. आदी वाडीचं पानी, मग त्यांचं. घरटी दोन हंडे. पोहरा आपला. 'इटाळ' हा शब्द कुनी काढला तर त्या दिवशी साऱ्या गावाचं पानी बंद. अजून कुनी काढला न्हाई. तहान लागली की धर्म कसा पटकन् शाना व्हतो.

तुझा दादा,
हौसराव


शिरूर
९ जानेवारी १९७३

ती. दादा यांस,

सप्रेम जय भीम. वैनींनी केलं ते मोठ्या मनाचं आहे. मला तेवढं मोठं मन नाही, आणि मला ते नकोही आहे.

ऑफिसला थोडी माहिती हवी आहे. वाडीची घरं किती, माणसं किती, विहीर किती खोल, आता पाणी किती, वाडीपासून कानसगाव किती लांब आणि नांदवळी किती. शक्य तितकं नेमकं लिहा. सही करून पाठवा. कशासाठी ते भेटलो की सांगेन. आपल्या भल्याचंच आहे.

आपला,
संपत


चिलारवाडी
१८ जानेवारी १९७३

चि. संपत यास,

माहिती वेगळ्या कागदावर सही करून पाठवलीय. घरं अकरा, माणसं चौसष्ट, म्हातारा गेणबा धरून. त्याला धरावं का न्हाई हे तुझ्या ऑफिसनं ठरवावं, तो नव्वदीचा हाय. विहीर सहा पुरुस, पानी दीड पुरुस. कानसगाव नदी उतरून चार मैल. नांदवळी पाव मैल.

तू सांगितलं न्हाईस, पन मला कळलं. ऑफिस विहिरीला कठडा बांधून देनार असंल. बायांना मी सांगून टाकलं. सोजरबाई म्हनली, "संपत आमचा साहेब झाला." मी म्हनलो, "साहेब न्हाई, कारकून हाय, पन आपला हाय."

इकडं शंकररावानं एक शानपना केला. त्याच्याच गावच्या बाया आपल्याकडं येतात ह्याची त्याला लाज वाटती, तहानेची वाटत न्हाई. त्यानं आपल्या शेतातली पायवाट काटे टाकून बंद केली. त्याबरुबर आपली वाट बी बंद झाली, कारन आपण बी त्याच वाटेनं भाईर पडतो. दोन दिवस बाया आटलेल्या तळ्याला वळसा घालून आल्या. तिसऱ्या दिवशी आक्काबाईनं आपला बांध मोकळा केला. स्वता खुरपं घिऊन बसली आन् बाभळीची पोरं छाटली. शंकरराव तिला म्हनला, "आक्का, त्या लोकांना वाट दिलीस?" ती म्हनली, "मी मला वाट केली. माझ्या बांधावरनं कोन चालतं ते तू मोजू नको, तू आपला ऊस मोज."

हे तिनं आपल्यासाठी केलं असं मी समजत न्हाई. तू बी समजू नको.

तुझा दादा,
हौसराव


चिलारवाडी, ता. शिरूर
१९ मार्च १९७३

रा. रा. संपतराव ओहोळ, कारकून यांस,

आपणास कळविण्यात येते की काल नांदवळीचे सरपंच शंकरराव आमच्या विहिरीवर आले होते. सोबत गावचे चार लोक. हातात कागद. विहिरीच्या काठावर उभे राहून त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचला. चिलारवाडी शिरूर तालुक्यातून काढून दौंड तालुक्यात, नांदवळी ग्रामपंचायतीत घालावी, अशी शिफारस. त्यात घरं अकरा, माणसं चौसष्ट, विहीर सहा पुरुस, पानी दीड पुरुस. सगळं नेमकं होतं. नेमकं असणारच, कारण ते मी माझ्या हातानं लिहून सही करून दिलं होतं.

खाली टिपणी कुणी तयार केली त्याचं नाव होतं. ते नाव आपलं.

सरपंच म्हणाले, "हौसराव, तुमच्याच भावानं तुम्हाला आमच्यात आणलं. आता ही विहीर पंचायतीची. पहिल्या दिवशी मी इंजिन बसवतो." त्यांचा ऊस बांधाच्या पलीकडं वाळतोय, आपणास माहीत असेल.

सोजरबाईनं मला विचारलं, "कठडा कवा बांधत्यात?"

आपण मोठे झालात. नकाशावरचा डाग पुसण्याइतके मोठे झालात. आपले अभिनंदन.

कळावे,
हौसराव ओहोळ


शिरूर
२८ मार्च १९७३

ती. दादा यांस,

मला 'आपण' म्हणू नका. शिवी द्या, चालेल.

होय, टिपणी मी केली. लपवली, तेही खरं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, कारण तुम्हाला त्रास सोसण्याचा अभिमान आहे. मला नाही. मला वाटलं, वाडी दौंडात गेली की वैनीला पाव मैलावर काम मिळेल, नदी उतरावी लागणार नाही, पावसाळ्यात रेशन मिळेल. यातलं काय खोटं आहे ते सांगा. तुम्ही शिरूरचे म्हणून मिरवता, ते शिरूर तुम्हाला ओळखत नाही. मी रोज त्याच्यात बसतो, मला माहीत आहे.

विहिरीचा विचार मी केला नाही. जमीन एका तालुक्यातून दुसऱ्यात जाते तेव्हा विहीरही पंचायतीच्या तोंडात जाते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी कारकून आहे, कागदाच्या बाहेरचं मला कमी दिसतं. आणि आणखी एक लिहितो. साहेब म्हणाले होते, "ओहोळ, ही टिपणी तुम्हीच करा, तुम्ही हुशार आहात." आठ वर्षांत कुणी तसं म्हटलं नव्हतं.

प्रकरण अजून संपलेलं नाही. २४ एप्रिलला प्रांतसाहेब स्वतः वाडीत सुनावणीला येणार आहेत. तोपर्यंत हरकत घेता येते. हरकतीचा कागद तयार करून सोबत पाठवतो. नावं आणि सह्या घालायच्या, एवढंच बाकी आहे. वाडीची चौसष्ट माणसं नको म्हणाली तर साहेब म्हणतील, यांचा स्वार्थ आहे. म्हणून आणखी कुणी मिळालं तर बघा. कोण मिळणार, मला ठाऊक नाही.

मी सुनावणीला येणार नाही. नातेवाईक म्हणून मला या प्रकरणातून काढलं आहे. तुमच्या सहीतलं आडनाव त्यांना आता दिसलं.

संपत


चिलारवाडी
३० एप्रिल १९७३

रा. रा. संपतराव यांस,

सुनावणी झाली. आपणास कळवणं भाग आहे, कारण आपण धाडलेला हरकतीचा कागद तिथं लागला.

खरं म्हंजी तो कागद मी चुलीत घालनार व्हतो. भागुबाईनं हातातनं काढून घेतला आन् सांगितलं न्हाई कुठं ठेवला. मला वाटलं, जाळला असंल.

प्रांतसाहेब जीपमधनं आले. गेणबाच्या दारातल्या लिंबाखाली टेबल. एका अंगाला आम्ही वाडीवाले, दुसऱ्या अंगाला नांदवळी, मधे दहा पावलं मोकळी. कुनी सांगितलं न्हवतं, पन बसले तसेच. शंकरराव बोलला. वाडी आमच्या पोटात हाय, दोन्हीकडच्या लोकांचं भलं, पान्याची सोय सर्वांना सारखी. लई गोड बोलला. मी बोललो. साहेब म्हनले, "तुमचा विरोध समजला, पण तुमच्या गैरसोयीची माहिती तुम्हीच सही करून दिली आहे." सारी वाडी माझ्याकडं बघत व्हती. ते कसं वाटलं हे मी आपणास लिहिनार न्हाई.

मग नांदवळीच्या बायांतनं आक्काबाई उठली. हातात तोच हरकतीचा कागद. त्यावर नांदवळीच्या एकतीस बायांचे अंगठे. भागुबाई आन् ती, दोघींनी मिळून आठ दिवस विहिरीवरच घेतले व्हते. मला पत्ता न्हाई, शंकररावाला बी न्हाई.

साहेब म्हनले, "बाई, तुम्ही दौंडच्या. वाडी तुमच्या गावात आली तर विहीर तुमची होईल. तुमची हरकत कशाला?"

आक्काबाई म्हनली, "साहेब, विहीर ह्यांची हाय तवर मला दोन हंडे मिळत्यात. आमची झाली की सरपंचाच्या उसाला मिळत्याल."

शंकरराव उठला. "आक्का, काय बोलतीस."

"तू गप. टँकर आला तवा बोलायचंस." मग साहेबांकडं वळली. "ह्या लोकांचं आमचं काय जमत न्हाई. हा हौसराव रोज उनं काढतो. पन मोजून दोन हंडे देतो, आन् जिला पोर लहान हाय तिला तीन. सरकारची रेघ हाय तिथं ठेवा. ती रेघ हाय म्हनून आम्ही पितो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शंकररावाला विचारलं, "तुमच्या गावच्या बायांचे अंगठे आहेत हे?" त्यानं कागद हातात घिऊन पाह्यला. सगळ्यात वर त्याच्याच भावजयीचं नाव व्हतं, तुळजाबाईचं.

निकाल अजून यायचाय. कळावे.

हौसराव


शिरूर
२० जून १९७३

ती. दादा यांस,

निकाल लागला. प्रस्ताव नामंजूर. चिलारवाडी शिरूर तालुक्यातच. दुष्काळी कामाबद्दल वेगळा हुकूम निघाला आहे. सीमेवरच्या वाड्यांना जवळच्या कामावर घ्यावं, तालुका पाहू नये. तो हुकूम निघाला त्याच दिवशी इथं पाऊस पडला, त्यामुळं तो कुणाच्या उपयोगाचा नाही. आमच्या ऑफिसची सगळी कामं अशीच वेळेवर होतात.

मला टिपणीच्या टेबलावरून काढून टपालाच्या टेबलावर बसवलं आहे. आलेल्या पत्रांवर शिक्के मारतो. साहेब म्हणाले, "स्वतःच्याच टिपणीवर हरकतीचा कागद तयार करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला." तो कागद माझ्या अक्षरातला होता, त्यांनी ओळखला. मी नाही म्हणालो नाही. परवा नकाशासमोर एक नवा कारकून त्या डागाला हसला. मी म्हणालो, "ते माझं गाव आहे." फार काही झालं नाही. तो हसायचा थांबला, एवढंच.

मला यायचं आहे. येऊ का?

संपत


चिलारवाडी
५ ऑगस्ट १९७३

चि. संपत यास,

जय भीम. उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला.

पाऊस बरा हाय. नांदवळीच्या विहिरीला पानी आलं. ज्या दिवशी आलं त्या दिवसापास्नं एक बाई इकडं फिरकली न्हाई. सात महिने आपला दोर झिजवला, पन जाताना 'येतो' म्हनलं न्हाई. मी आपला सकाळी विहिरीवर जाऊन बसायचो, सवयीनं. भागुबाई म्हनली, "तुम्ही काय हाराची वाट बघता काय?" मी म्हनलो, "न्हाई. पोहरा तपासतो."

आक्काबाई एकदा आली. पान्याला न्हाई, बांध बघायला. भागुबाईनं चहा इचारला. ती म्हनली, "नगं." प्याली न्हाई, आन् आम्ही बी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई. तिला आमच्या हातचं पानी चालतं, चहा चालत न्हाई. कशाला कसली रेघ लागती ते तिचं तिला ठाऊक. पन बसली घटकाभर, दगडावर. भागुबाई तिथंच जोंधळा निवडत व्हती. उठताना आक्काबाई म्हनली, "शंकऱ्या माझा बांध नांगरायला बघतूय. नांगरू देत न्हाई. कोरटात दिरांना बघितलं, ह्याला बी बघीन."

तू जे केलंस ते मी इसरनार न्हाई. तुझ्या मनात काय व्हतं ते बी आता कळतंय. गेल्या आठवड्यात नदी भरली, होडी बंद, कानसगावला जाता येत न्हाई. चार दिवस दिव्यात रॉकेल न्हाई. अंधारात बसून तुझी टिपणी आठवली. निम्मी खरी व्हती. निम्म्या खरेपनानंच घात व्हतो.

ये. वैनीला आदी भेट, कागद तिनं राखला. सोजरबाई कठड्याचं इचारंल, तिला खरं काय ते तूच सांग, मी सांगितलं न्हाई. नदीकडनं येऊ नको, केडगावला उतर आन् नांदवळीतनं सरळ चालत ये, आक्काबाईच्या बांधावरनं. कुनी अडवलं तर तिचं नाव घे. ती स्वता भेटली तर तुला शिव्या देईल. ऐकून घे. वाट बी तीच देईल.

तुझा दादा,
हौसराव